डाव्या हाताचं फुलपाखरू

विश्वंभर अण्णांना क्रोशाचं काम येतं ही गोष्ट साऱ्या शिरड शहापुरात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि त्या माणसाचं आज लग्न होतं.

तो माणूस म्हणजे प्रतिक्षा, अण्णांच्या थोरल्या भावाची नात. तिलाही कोणी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांखाली एका दुपारी ती चहा घेऊन माडीवर गेली. अण्णांच्या खोलीची कडी नीट बसली नव्हती. दार ढकललं तर अण्णा मांडीवर जांभळ्या लोकरीचा गुंडा घेऊन बसलेले. हातात सुई, ओठांवर आकडे. चौसष्ट वर्षांचा तो माणूस असा दचकला की गुंडा गडगडत खाटेखाली गेला.

"कोणाला सांगू नको," एवढंच ते म्हणाले.

"काहून? इतकं भारी तर करून राहिले तुमी!"

"नको म्हणतो ना, बाई."

तिनं तसं वचन दिलं, आणि पाळलं. तेव्हापासून लोकरीचे रंग निवडायचं काम मात्र तिनं आपल्याकडं घेतलं.

अण्णांनी शाळेत एकतीस वर्षं पुस्तकं सांभाळली होती. लग्न केलं नाही. त्यामागं काही मोठी कहाणी नव्हती, विचारायचा धीर गोळा करता करता वय निघून गेलं. निवृत्त होताना रद्दीत काढलेल्या पुस्तकांतलं हस्तकलेचं एक पुस्तक ते घरी घेऊन आले, तेही त्याचे फाटके कोपरे बघवेनात म्हणून. चिकटवता चिकटवता वाचलं, वाचता वाचता करून पाहिलं. साखळी, खांब, मुका खांब, असे एकेक टाके. हाताला ते पटलं. सुई डाव्या हातात. लहानपणी गुरुजींनी छड्या मारून त्यांचं लिहिणं उजव्या हातावर आणलं होतं, बाकीची सगळी कामं डाव्या हातानं सोडली नाहीत.

कोणाला सांगायचं नाही हे ठरलं ते सटवाजीमुळं. सटवाजी हा थोरला भाऊ, आणि माणूस वाईट नव्हता. त्याचं हसणं वाईट होतं. मान मागं टाकून, मांडीवर थाप मारून तो हसायचा, आणि ज्याला हसला त्याचं पुढचं वर्षभर गावात तेच नाव पडायचं. विश्वंभर सोळा वर्षांचा असताना त्याची कवितेची वही सटवाजीच्या हाती लागली होती. खळ्यावर वीस माणसांसमोर त्यानं ती मोठ्यानं वाचली, आणि हसला. द्वेष नव्हता त्यात, गंमतच होती. पण विश्वंभरनं त्यानंतर कविता लिहिली नाही, आणि लिहिली असती तर बरी झाली असती की काय, हा संशय पन्नास वर्षं त्यांच्या सोबतीला राहिला. हाच सटवाजी उन्हाळ्यात अंगणात बसून सुतळीनं बाज विणतो, आणि त्याला कोणी हसत नाही. सुतळी आणि लोकर यांत नेमका काय फरक आहे, यावर अण्णांनी पुष्कळ विचार केला होता. उत्तर सापडलं नव्हतं. कडी मात्र ते लावत राहिले.

लोकर आणायला ते एसटीनं हिंगोलीला जायचे. दुकानदार विचारायचा, "मॅडमने मंगवाया क्या, सर?" आणि जन्माचे ब्रह्मचारी अण्णा खाली मान घालून म्हणायचे, "हां."

प्रतिक्षाचं लग्न आखाडा बाळापूरला ठरलं तेव्हा तिच्या आईनं, सेवानं, रुखवताचा विषय काढला. रुखवत म्हणजे लग्नात नवरीकडून मांडायच्या वस्तू. त्या नवरीच्या हातच्या असायला हव्यात, निदान तसं म्हणता आलं पाहिजे. प्रतिक्षा औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. तिला गोळ्यांची नावं पाठ होती, सुईत दोरा ओवता येत नव्हता. मोत्यांची तोरणं मैत्रिणींनी केली, सुपाऱ्यांची वरात मावशीनं. आणि प्रतिक्षा माडीवर येऊन म्हणाली, "अण्णा, मला एक पिशवी करून द्या. फुलपाखराची. खांद्याला अडकवता येईल अशी. आन तुमचं नाव सांगते मी या वक्ताला."

"नाव नको. पिशवी करतो."

"काहून पण?"

"तुझे आजोबा हसतील."

"हसू द्या की!"

"तू दिलं होतंस ना वचन? ते मोडायचं नाही."

दोन महिने ते त्या पिशवीवर होते. वरचे पंख केशरी, खालचे जांभळे, प्रत्येक पंखावर पिवळा डोळा, भोवती काळी किनार. मधलं अंग काळं, त्यावर दोन मिशा. असे दोन थर, आत साटीनचं अस्तर आणि झिप. तीनदा उसवली. पूर्ण झाली तेव्हा त्यांनी ती खाटेवर ठेवून पुष्कळ वेळ पाहिली. चांगली वाटली. मग दचकून त्यांनी स्वतःलाच बजावलं की पुस्तकातलं पाहून केलेल्या वस्तूत आपलं असं काय असतं.

वस्तूंवर लावायच्या चिठ्ठ्या लिहायचं कामही त्यांच्याकडंच आलं, कारण घरात वळणदार अक्षर त्यांचंच. पिशवीच्या चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, 'चि. सौ. कां. प्रतिक्षाच्या हातची.' लिहिताना त्यांना बरंच वाटलं. दुसऱ्याच्या नावामागं कसं निवांत बसता येतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या बाजूच्या खोलीत रुखवत मांडलं. दहा वाजता बाळापूरचं वऱ्हाड आलं, आणि चहा होतो न होतो तोच नवरदेवाकडच्या बाया रुखवत बघायला शिरल्या. पुढं होत्या जमनाबाई, नवरदेवाची आत्या. बाळापुरात निम्म्या घरांतले टीव्हीवरचे रुमाल त्यांच्या हातचे होते, आणि उरलेल्या निम्म्या घरांनी ते त्यांच्याकडं शिकून केलेले होते. अण्णा टाचण्यांची डबी द्यायला आले होते, ते दारातच थांबले.

जमनाबाईंनी लाडवांकडं पाहिलं नाही, सुपाऱ्यांकडं पाहिलं नाही. सरळ पिशवी उचलली. उलटी केली, सुलटी केली, पंखावरून बोट फिरवलं.

"अगंऽ, ही कोणी केली?"

"आमच्या प्रतिक्षानं," सेवा म्हणाली. चिठ्ठी होतीच, तरी तिला राहवेना. "दोन महिने जागची उठली न्हाई पोरगी!"

"व्हय का? इकडं ये गं नवरी." जमनाबाई खूश होत्या. "चाळीस वर्षं विणून राहिले मी, पण पंखाचा असा वळसा मला न्हाई जमत. कड गोळा होते. तू कसा घेतला?" बोलता बोलता त्यांनी आपल्या पिशवीतून सुई अन् लोकरीचा गुंडा काढलासुद्धा. "घे. दोन ओळी करून दाखव."

प्रतिक्षा हळदीच्या पिवळ्या साडीत उभी होती. तिनं सुई हातात घेतली, उजव्या हातात, पेन धरतात तशी. आणि तशीच उभी राहिली.

जमनाबाईंनी एकदा तिच्या हाताकडं पाहिलं, एकदा पिशवीकडं. मग पिवळ्या डोळ्यावर बोट ठेवून त्या सावकाश म्हणाल्या, "हा गोल उलटा फिरलाय. आपण विणतो तसा न्हाई. खांब बी दुसऱ्या अंगाला झुकून राहिलेत. हे काम डाव्या हाताचं आहे, बाई. तुझा तर उजवा दिसून राहिला."

मग मागून कोणीतरी म्हणालंच, "बाजारात आजकाल समदं भेटतंय. वरून चिठ्ठी लावली की झालं."

"आवो, हळदीत हात भरलेत तिचे, म्हणून..." सेवा बोलायला गेली आणि अडली, कारण हात कोरडे होते, सगळ्यांना दिसत होते.

"पहिल्याच दिवशी खोटं," तोच आवाज पुन्हा म्हणाला. "पुढं काय वाढून ठेवलंय कोणाला माहीत!"

प्रतिक्षानं मान वर केली. तिची नजर सरळ दारातल्या अण्णांवर गेली, क्षणभर थांबली, आणि तिनं ती काढून घेतली. ती सांगणार नव्हती. वचन दिलं होतं.

अण्णा मागं सरले. बाहेर नळावर त्यांनी हात धुतले, गरज नसताना. मांडवात सटवाजी चार पाहुण्यांमध्ये बसून काहीतरी सांगत होता. आज तीनशे माणसं होती. खळ्यावर वीस होती. अण्णांनी मनात वाक्य जुळवून पाहिलं: 'ती पिशवी जरा माझ्या मदतीनं...' नाही. 'प्रतिक्षालाही येतं, पण...' हेही नाही. जन्मभर वाक्यांच्या संगतीत राहिलेल्या माणसाला कामापुरतं एक वाक्य मिळेना. शिवाय आपण बोलून आणखी बिघडलं तर? म्हातारा पोरीला वाचवायला खोटं बोलतोय, असं वाटलं तर? नळ वाहत होता. तिनं नजर काढून घेतली होती, हे मात्र त्यांना विसरता येईना. पोरीनं एवढ्या बायांसमोर खोटारडं म्हणवून घेतलं, ते त्यांना कोणी हसू नये म्हणून.

त्यांनी नळ बंद केला आणि खोलीत गेले.

"मी केली," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक आला की कोणी वळलं नाही. त्यांना पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा तो नको तेवढा मोठा आला. "पिशवी मी केली! चिठ्ठीही मीच लिहिली. पोरगी नाव सांगते म्हणाली होती. मी नको म्हणालो."

कोणीतरी फिसकन हसलं. सेवानं डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला. ती रागावलीय की रडतेय ते अण्णांना दिसलं नाही.

"तुमी?" जमनाबाईंनी त्यांना चष्म्यापासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "मंग दाखवा."

प्रतिक्षानं सुई पुढं केली. अण्णांनी ती डाव्या हातात घेतली. पहिली साखळी निसटली, दुसरीही निसटली. मग सहा साखळ्यांचं कडं जुळलं आणि त्यात खांब पडायला लागले.

"शिकवलं कोणी?"

"पुस्तकानं. त्यातली चित्रं उजव्या हाताची होती. दाढीच्या आरशासमोर धरून पाहायचो."

जमनाबाई हसल्या नाहीत. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि शेजारी न बसता बरोबर त्यांच्या समोर बसल्या. "असं समोर बसलं की तुमचा डावा मला उजव्यावाणी दिसंल." मग पिशवी मांडीवर घेऊन त्या म्हणाल्या, "या खालच्या पंखात एक खांब कमी आहे."

"तेराव्या ओळीत. किनारीखाली झाकला."

"झाकला न्हाई, दडपला. कळून येतंय."

"हो," अण्णा म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या कामाला नावं ठेवली होती, आणि त्यांना ते विलक्षण गोड लागलं.

जमनाबाई प्रतिक्षाकडं वळल्या. "काय गं, तुला यातलं काहीच येत न्हाई?"

"न्हाई, आत्या. काहीच न्हाई."

"मंग तसं म्हणायचं. मला पोळ्या येत न्हाईत. माझ्या सासरी समद्यांना माहीत आहे, अजून जिवंत आहे मी." मागच्या बायांकडं न बघता त्या म्हणाल्या, "काढ ती चिठ्ठी."

प्रतिक्षानं चिठ्ठी काढून चुरगाळली. मग पिशवी उचलून पिवळ्या साडीवर, खांद्याला अडकवली. शोभत होती का? अण्णांना वाटलं, पट्टा दोन बोटं आखूड व्हायला हवा होता.

एवढ्यात दारात सटवाजी. पंगतीला बोलवायला आला होता. बायांच्या घोळक्यात मधोमध आपला भाऊ, हातात लोकर, हे पाहून त्याचा फेटा मागं सरकला.

"इश्वंभर! काय करून राहिला रे?"

"विणून राहिलो, दादा."

"काय?"

"लोकर. ती पिशवी मीच केली. सहा वर्षं झाली, माडीवर करतो."

सटवाजीनं पिशवीकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं, फुलपाखराच्या दोन मिशांकडं पाहिलं. त्याचे खांदे हलायला लागले. मान मागं गेली, मांडीवर थाप पडली, आणि ते हसणं छताला लागून खाली आलं. बायाही हसल्या. प्रतिक्षाही. अण्णांचे कान तापले. जे व्हायची पन्नास वर्षं भीती होती ते नेमकं तसंच झालं होतं, रतीभरही कमी नाही.

फक्त हात थांबला नव्हता. हे त्यांच्याही लक्षात जरा उशिरानंच आलं.

"अरे, सहा वर्षं! एका घरात!" सटवाजी डोळे पुसत म्हणाला. "आन मला पत्ता न्हाई!"

"हसून घे, दादा," अण्णा मान वर न करता म्हणाले, "पण जरा हळू. माझी मोजणी चुकून राहिली."

जमनाबाईंनी पुढं वाकून वळशावर बोट ठेवलं. "नऊ झाले. इथून फिरवता का?"

"इथून नाही. अजून एक," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी दहावा खांब घातला. सटवाजी हसत हसतच मांडवाकडं गेला. तिकडं तो कोणाला तरी सांगत असल्याचं ऐकू येत होतं.