मागे कुणी नाही

"अहो, इकडे या ना, पुढे," मी म्हटलं. पण तोवर आमचे हे सगळ्यांना वळसा घालून पार शेवटी जाऊन उभे राहिले होते. पाय जरा फाकलेले, हात पाठीशी, नजर पुढच्या माणसांवर.

"राहू द्या काकू," गाईड मुलगी हसून म्हणाली. "काकांची जागा तीच आहे."

खरंच होतं ते. हे जंगल शहराच्या मधोमध आहे. चारी बाजूंनी रस्ते आणि उंच इमारती, आणि मध्ये बारमाही ओलं, गच्च रान. तिकीट काढलं की अर्ध्या दिवसात सगळं हिंडवून आणतात. एक गाईड पुढे असतो. तो बोलतो, झाडं दाखवतो, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. दुसरा माणूस सगळ्यांच्या मागून चालतो. बुटाची नाडी बांधायला कुणी थांबलं की तोही थांबतो, कुणाला दम लागला तर पाणी देतो, आणि आत कुणी राहणार नाही एवढं बघतो. त्याला तिथे शेपूट म्हणतात. आमच्या ह्यांनी उभी नोकरी शेपूट म्हणून काढली. लग्न जुळवताना माझ्या मावशीने 'जंगलाच्या ऑफिसात आहेत' असं मोघम सांगितलं होतं, ते एका अर्थी बरंच झालं.

आत काही वळणं अशी आहेत की पुढच्याला मागचा दिसत नाही. तिथे गाईडने थांबायचं आणि मोठ्याने विचारायचं, "मागे?" शेपटाने सगळे पुढे गेल्याचं डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, "मागे कुणी नाही." उत्तर आल्याशिवाय गाईडने पाऊल टाकायचं नाही. आता गाईडच्या कमरेला वॉकीटॉकी असतो, हाका कुणी मारत नाही. पण ह्यांच्या जिभेवर ते शब्द असे बसले की घरातसुद्धा तेच. कुठे जायचं झालं की मी आणि लेक जिन्याखाली उभ्या, आणि हे खोल्याखोल्यांतून डोकावून, कुलूप घालून वरून सांगणार, "मागे कुणी नाही." घरात माणसं तीन, त्यातल्या दोघी खाली ताटकळलेल्या. मागे कोण असणार होतं? "उंदीर राहिला असेल, बघून या," मी म्हणायची.

रस्त्यातही ते माझ्या मागूनच चालायचे. माझं कपडे शिवायचं दुकान होतं. लोक म्हणायचे, शिंपीणबाईंनी नवऱ्याला चांगलं मुठीत ठेवलंय. हेही कमी नव्हते. मला चिडवायला 'मास्तर' म्हणायचे, शिंप्याला म्हणतात तसं. पुढे चिडवणं राहिलं बाजूला आणि तेच माझं नाव झालं.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस निसटायला लागलं. आधी शेजारी, मग जावई, मग लेक. मग मी. महिन्याभरापूर्वी एका सकाळी, रिटायर झालेले असूनही, ते कामावर निघाले. जंगलाचं फाटक उघडायला उशीर होतोय म्हणाले. मी दारात आडवी उभी राहिले. "तुम्ही कोण? माझ्या घरात काय करताय?" त्यांनी विचारलं आणि मला ढकललं. माझं मनगट मोडलं. उजव्या हाताचं, म्हणजे शिवणाऱ्या बाईचं सगळंच.

मग लेक धावत आली. तिने एक संस्था बघून ठेवली. स्वच्छ जागा, नर्स कायम हजर, अशी माणसं सांभाळायची सवय असलेली. "आई, ते तुला ओळखतसुद्धा नाहीत," ती म्हणाली. "तू कुणासाठी जीव काढतेयस?" तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मी एवढंच म्हटलं, एकदा त्यांना जंगलात नेऊ. तिथे मला ओळखलं तर ते घरी राहतील. नाहीतर तू म्हणशील तसं. संस्थेने खोली आज दुपारपर्यंतच धरून ठेवली होती. फेरी संपली की लेक फोन करणार होती. ती फाटकाबाहेर गाडीत बसून राहिली.

आणि मी हे जंगल आतून कधी पाहिलेलंच नव्हतं. "ये की एकदा," हे म्हणायचे. पण त्यांच्या फेऱ्या सुट्टीच्या दिवशी आणि माझं गिऱ्हाईकही सुट्टीच्याच दिवशी. शाळेचे गणवेश संपले की जाऊ, असं म्हणता म्हणता ते रिटायर झाले. आज सकाळी गाडीत मी त्यांना सांगितलं, "मी येतेय बरं का तुमच्या जंगलात. पहिल्यांदाच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. मला वाटलं, समजलं. गाडीतून उतरल्यावर ते मला म्हणाले, "बाई, तिकीट काढलंत का?"

आत शिरल्यावरही बराच वेळ रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले. मग एका उतारावर कुणीतरी दार लोटावं तसे ते बंद झाले. वरून थेंब पडत होते. पाऊस नव्हता, पण गाईड म्हणाली, इथे पाऊस थांबला तरी झाडांखाली तो पडतच राहतो, पानापानांवरून उतरत. तिने एक झाड दाखवलं, माणसाच्या डोक्याच्याही वर जातील अशा भिंतींसारख्या मुळांचं. मग दुसरं, ज्याला वेलींनी इतकं आवळलं होतं की आतलं झाड कधीच मरून गेलं होतं आणि त्याच्या आकाराची पोकळी तेवढी उभी होती. लोकांनी त्या पोकळीत तोंड घालून फोटो काढले. मला ते झाड बघवलं नाही.

पहिलं वळण आलं. गाईडचा हात वॉकीटॉकीकडे गेला. मग तिने मागे आमच्याकडे पाहिलं, तो परत कमरेला अडकवला आणि तोंडाशी हात धरून हाक दिली, "मागे?"

"मागे कुणी नाही!"

केवढा खणखणीत आवाज होता. गेले कित्येक दिवस ह्या माणसाला पाणी मागायला शब्द सापडत नव्हता. सगळ्यांनी वळून पाहिलं. मला मात्र थोडा राग आला. हे शब्द राहिले होते, आणि मी तेवढी गेले होते.

पुढे एका बाईच्या पायाला जळू चिकटली. नवेकोरे बूट घालून आलेली बाई, एका पायावर नाचायला लागली. ह्यांनी तिला दगडावर बसवलं, "ओढू नका, ओढू नका," म्हणत खिशातून कागदाची पुडी काढली आणि चिमूटभर मीठ लावलं. जळू गळून पडली. सकाळी ओट्यावर मीठ सांडलेलं बघून मी किती चिडले होते. ते कामावर निघायची तयारी करत होते, हे मला आत्ता कळलं.

मग झुलता पूल आला. एकेकाने जायचं होतं. सगळ्यांत शेवटी मी, आणि माझ्या मागे हे.

"डाव्या हाताने धरा बाई," ते म्हणाले. "दुखरा हात छातीशी राहू द्या. घाई नाही. मी मागे आहे."

अशा आवाजात ते आयुष्यभर परक्या बायकांशी बोलले होते तर. पुलाच्या पलीकडे पोचल्यावर मी धीर करून विचारलं, "तुमच्या घरी कोण असतं?"

"बायको असते. शिवणकाम करते." मग हळूच, गंमत सांगावी तसे, "कात्रीपेक्षा जिभेला धार जास्त."

"असं होय?"

"आज ती येणार आहे इथे," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला राहवेना.

"अहो, मीच ती," मी म्हटलं.

थट्टेखोर पर्यटकाकडे बघून हसावं तसे ते हसले. "पुढे व्हा बाई, गाईड थांबलीय," म्हणाले.

माझी परीक्षा तिथे संपली. उरलेल्या वाटेवर गाईडने काय काय दाखवलं ते मला सांगता येणार नाही. मी वाटेतली पानं बघत चालले आणि लेकीला काय सांगायचं ते मनात ठरवत राहिले. 'कर फोन' एवढंच तर म्हणायचं होतं. मागून त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. मी थांबले की तोही थांबत होता.

बाहेर पडायचं फाटक लोखंडी, अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल असं. पर्यटक बाहेर पडले, त्यांच्या मागून मी. लेक गाडीतून उतरून आली होती. मी तिला मानेनेच 'नाही' म्हटलं. तिने डोळे मिटले आणि पर्समधून फोन काढला.

"मागे?" गाईडने विचारलं. हे तिच्यापासून हातभर अंतरावर, फाटकाच्या आत उभे होते, जंगलाकडे तोंड करून.

उत्तर आलं नाही.

"काका, मागे?"

"थांबा," ते म्हणाले. "एक जण आत राहिलंय."

"सगळे आलेत काका. मी बघितलंय."

"माझी बायको आत आहे." त्यांनी फाटकाचा गज घट्ट धरला. "ती आज आलीय. पहिल्यांदाच आलीय, तिला वाट माहीत नाही."

लेक पुढे झाली. मला खांद्याला धरून तिने त्यांच्यासमोर उभं केलं. "बाबा, ही काय आई. इथेच आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, अगदी मन लावून. "ह्या बाई आपल्याच ग्रुपमधल्या," ते म्हणाले. "ह्या पोचल्या. मी बायकोबद्दल बोलतोय." त्यांचा आवाज चढायला लागला. महिन्यापूर्वी दारात हेच डोळे मी पाहिले होते. पर्यटक घड्याळं बघत होते. "बघितलंस ना आई," लेक पुटपुटली. रडत होती ती.

मी मात्र त्यांच्या डोळ्यांकडे बघत होते. हा माणूस मला विसरून गेलाय असं मी महिनाभर धरून चालले होते. मी गाईडच्या कानाशी लागले. "आत जायला दुसरी वाट आहे का?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मला ऑफिसच्या मागच्या दाराने आत सोडलं. तिथून एक पायवाट शेवटच्या वळणाला मिळत होती, तशाच भिंतीसारख्या मुळांच्या आणखी एका झाडापाशी. मी एकटीच गेले. मुळाच्या आडोशाला उभी राहिले. पाठीवर थेंब पडत होते. समोर काही दिसत नव्हतं. मला भीती वाटली, जंगलाची नाही. मी बाहेर येईन आणि ते पुन्हा म्हणतील, ह्या बाई आपल्या ग्रुपमधल्या.

"मास्तर!"

कित्येक महिन्यांत ही हाक मी ऐकली नव्हती.

"अगं मास्तर, कुठे राहिलीस?"

"आले, आले," मी म्हटलं आणि मुळाला वळसा घालून वाटेवर आले.

ते फाटक सोडून दहा-बारा पावलं आत आले होते. मला बघून त्यांचे खांदे एकदम खाली आले. "किती वेळ गं? सगळे खोळंबलेत." मग त्यांचं लक्ष प्लास्टरकडे गेलं. "हाताला काय केलंस?"

"पडले."

"कुठे?"

"घरी. दारात."

"बघून चालायला काय होतं तुला?" त्यांनी माझा तो जड हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेतला. "दुखतोय?"

"आता नाही."

"जंगल कसं वाटलं?"

"फार ओलं आहे," मी म्हटलं. ते मोठ्याने हसले.

मग त्यांनी मला पुढे घातलं. मी फाटकातून बाहेर आले. ते आले, वळले, आणि रिकाम्या वाटेकडे बराच वेळ बघत राहिले.

"मागे कुणी नाही," ते म्हणाले. गाईडने कुलूप लावलं. कुलूप लावताना तिने तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

गाडीपाशीही त्यांनी आधी आम्हाला दोघींना बसवलं आणि मग माझ्या शेजारी, मागच्या सीटवर बसले. लेकीच्या हातात अजून फोन होता. ती आरशातून माझ्याकडे बघत होती.

"आई, ओळखलं ना त्यांनी तुला?"

"ओळखलं म्हणजे नक्की काय, ते मला आता सांगता येत नाही," मी म्हटलं. "पण मला घेतल्याशिवाय ते निघाले नाहीत."

गाडी तशीच उभी होती. रस्त्याचा गोंगाट पुन्हा सुरू झाला होता, हे खिडकीबाहेर बघत होते. जरा वेळाने ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावरचं हसू सौजन्याचं होतं, परक्या माणसाला दाखवतात तसं.

"बाई," त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?"

"तुम्ही उतराल तिथेच," मी म्हटलं.

लेकीने फोन पर्समध्ये टाकला आणि गाडी सुरू केली. ह्यांनी समाधानाने मान हलवली आणि माझ्या प्लास्टरच्या हाताला जागा व्हावी म्हणून ते थोडे खिडकीकडे सरकले.