चंदनाचा हार

१९९९ सालच्या उन्हाळ्यात कराडच्या इंगवले स्टुडिओतला कॉम्प्युटर एकेका फोटोला चंदनाचा हार घालू लागला, आणि ज्याला हार पडे ते माणूस आपल्या घरी जाऊन दाराच्या वर, भिंतीवर राहू लागे. तसबीर कलते तसं किंचित पुढे कलून. जेवायलाही खाली उतरत नसे.

मालन त्या स्टुडिओत फोटो सजवायची. पूर्वी निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने सुरकुत्या पुसायची, तेव्हा एका चेहऱ्याला अख्खी दुपार लागे आणि उन्हं उतरेपर्यंत ते माणूस ओळखीचं होऊन जाई. आता तेच काम माउसने. फाइल उघडायची, कडा कापायच्या, उजेड वाढवायचा, नाव द्यायचं, ठेवायची, की पुन्हा पुढची. तिचे हात भरून येत, म्हणून मालक आबा इंगवल्यांनी पुण्याहून रणदिवे नावाचे कॉम्प्युटरवाले बोलावले.

"ताई, एकदा करून दाखवा," रणदिवे म्हणाले. "हा बघतो. पुढचं सगळं तोच करील."

"सगळं बघतो? मग डोळे कुठायत त्याचे?"

आबा हसले. "मालन, तो काय तुला बघायला आलाय का? कर की."

पहिली फाइल आली ती आबांच्या वारलेल्या वडिलांची. मालनने कडा कापल्या, उजेड वाढवला, आणि गेलेल्या माणसाला घालायचा तसा चंदनाचा हार घातला. सवयीने पडद्यापुढे उदबत्तीही लावली. रणदिव्यांनी कळ दाबली.

"झालं. शिकला."

मग कॉम्प्युटर फोल्डरमधल्या फाइली अकारविल्हे घेत निघाला. अनसूयाबाई रेशनकार्डासाठी फोटो काढून गेल्या होत्या. स्टुडिओत उदबत्तीचा वास सुटला आणि दुपारी त्यांची सून आली. "सासूबाई भिंतीवरनं उतरेनात. फोटोत काही राहिलंय का?"

मालनने वायर उपटली. तो चालूच राहिला.

"थांबायचं तुम्ही दाखवलंच नाहीत," रणदिवे म्हणाले.

तिने कॉम्प्युटरवर चादर टाकली. ती बघत असली की चादरीखाली गप्प, पाठमोरी झाली की टिकटिक सुरू. त्याला आपली पावलं कळतात, अशी तिची खात्री झाली.

तिची धाकटी बहीण सुमित्रा, घरातली बेबी, नर्स म्हणून मस्कतला निघायची होती. पासपोर्टचा फोटो त्याच फोल्डरमध्ये होता. फाइल पुसावी, तर दत्तोबा गवंड्यांच्या मुलाने वडिलांची फाइल पुसायला लावली होती. दत्तोबा भिंतीवर गेले नाहीत, पण घरातही राहिले नाहीत. नुसता खिळा राहिला.

मालनने बहिणीच्या फाइलचं नाव बदलून 'ज्ञ' केलं. सगळ्यांच्या शेवटी. संध्याकाळी घरी तिने हाक मारली, "बेबे, भाकऱ्या थाप गं."

बहीण जागची हलली नाही. "कोणाला म्हणताय?" तिने विचारलं.

तरी भिंतीपेक्षा हे बरं, असं मालनने मनाशी ठरवलं. नवी फाइल आली की कॉम्प्युटर मागे वळून आधी ती घेई, हे तिने हेरलं होतं. जितकी माणसं मध्ये, तितकी बहीण लांब. मालन स्टुडिओच्या पायरीवर उभी राहू लागली.

"या काकी, फुकट काढते."

"आज एवढी उदार कशी गं?"

"शिकतेय अजून."

एके सकाळी रणदिव्यांनी आपल्या सदऱ्याची बाही हुंगली. "ताई, माझा फोटो कधी काढलात?"

"तुम्ही पडद्यात वाकून बघत होतात तेव्हा."

त्यांनी मान डोलावली आणि पुण्याची एसटी पकडली.

पेठेत बिनफोटोचं कोणी उरेना, तेव्हा आबा स्वतःच स्टुलावर येऊन बसले. टोपी सरळ केली. "काढ. वडलांशेजारी जागा आहे."

मग फक्त 'ज्ञ' राहिली. मालनने स्वतःचा फोटो काढला आणि त्यालाही तेच नाव दिलं. पडद्यावर चौकट आली. या नावाची फाइल आधीच आहे. बदलायची? हो. नाही. टिकटिक थांबली. यावर काय करायचं ते त्याला कोणी दाखवलं नव्हतं.

रणदिवे पुण्याला भावाच्या हॉलमध्ये आहेत, कॅलेंडरच्या वर. आबांची टोपी अजून सरळ आहे. अनसूयाबाईंची सून त्यांना रोज पुसते आणि पुसताना भांडतेही. मस्कतची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. बदलून आलेल्या नव्या पोस्टमनने पासपोर्ट आणला, सुमित्रा म्हणून हाक मारली, तेव्हा बहीण म्हणाली, इथे असं कोणी राहत नाही. मालन स्टुलावर बसून आहे, किंचित पुढे कललेली, आणि माउसला कोणाला हात लावू देत नाही. पडद्यापुढची उदबत्ती अर्धी जळून थांबली आहे. राख पडलेली नाही.

बहीण स्टुडिओत झाडलोट करायला येते. काल फडकं टेबलावर ठेवून ती वाकली.

"अहो बाई, हे केव्हाचं काय विचारतंय?" ती म्हणाली, आणि मालनच्या हाताखालून तिने माउस ओढून घेतला.