आखूड झालेला इंच

जावयाला नावं ठेवू नयेत हे सासूबाईंना कळत होतं. पण जावईबापू ठेवायला लावत. माणसाने जेवताना जेवावं, शिवताना शिवावं. हे गृहस्थ घास हातात धरून जगाची गुपितं उकलत बसायचे. डोक्यावरचे केस विरळ झाले, तर म्हणे कंगवेवाल्यांचं कारस्थान.

"टकल्यांना कंगवा विकून त्यांचा काय फायदा होणार?" सासूबाईंनी विचारलं होतं.

"तेच तर लपवून ठेवलंय, आई!"

गेल्या वर्षी, रेडिओ आपलं बोलणं ऐकतो असं ठरवून त्यांनी तो चादरीत गुंडाळला आणि दोरीने करकचून आवळून कपाटावर टाकला. सासूबाईंनी तेही खपवून घेतलं. बोलण्याला काही कापड लागत नाही, आणि जावयाचा कात्रीवरचा हात चांगला होता. सासरे गेल्यावर शिवणाचं दुकान तगलं ते सासूबाईंच्या जिभेवर आणि जावईबापूंच्या हातावर.

पण या वेळच्या खुळाला कापड लागलं.

झालं असं, की मागच्या खोलीत नळाजवळच्या खिळ्याला जावईबापूंना सासऱ्यांची जुनी टेप लटकलेली सापडली. दुकानातल्या नव्या टेपशेजारी त्यांनी ती ठेवली, तर साठ इंच दोन्हीकडे, पण जुनी चांगली चार बोटं लांब! त्यांचे डोळे लकाकले.

"इंच आखूड केलाय, आई. साऱ्या जगात. कुणाला पत्ता लागू न देता."

"नवी टेप मी तुमच्यादेखत विकत आणली."

"बघा! विकत घ्यायला लावली."

सासूबाईंनी हात जोडले आणि बटणं लावायला घेतली. जुनी टेप जावईबापूंनी खिशात घातली, ते मात्र त्यांनी पाहिलं नाही. तिथेच चुकलं. गावच्या बँडचे अकरा कोट शिवायचे होते, रविवारी बागेत वाजवायला. अंगाची मापं सासूबाईंनी नव्या टेपने घेतली आणि कापड जावईबापूंनी जुन्या टेपने कापलं.

शुक्रवारी बँड कोट घालून बघायला आला. बँडमास्तरांनी कोट चढवला आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "बाई, माझे हात कुठे गेले?"

बाह्या बोटांवर लोंबत होत्या. ट्रम्पेटवाला तर कोटात उभा होता की कोटाआड, तेच कळेना. सासूबाईंनी टाचण्यांचा डबा ओढला. जावईबापू मात्र छाती काढून पुढे झाले.

"कोट बिनचूक आहे, मास्तर. खऱ्या इंचात कापलाय. तुम्हीच खोट्या इंचात जगताय." आणि त्यांनी दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी पसरल्या.

सगळे वाकून बघू लागले. ढोल वाजवणाऱ्याचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे... माझं पोट वाढलेलं नाही?"

"छे! पोट होतं तेवढंच आहे. इंच आखूड झाला, म्हणून आकडा वाढला."

ढोलवाल्याने त्यांना मिठीच मारली. "एकदा घरी येऊन बायकोला सांगा हो हे!"

"मग माझी उंची?" बुटक्या बासरीवाल्याने आशेने विचारलं.

"खऱ्या इंचात तुम्ही याहून बुटके."

बासरीवाल्याला तेवढा तो शोध पटला नाही. बाकी नऊजण पट्टे सैल करून माना डोलवू लागले. खरं नसेल, पण सोयीचं होतं. बँडमास्तरही पोटावर हात फिरवून म्हणाले, "असेच नेतो, बाई."

शिलाई मशीनवर बसलेली लेक कुजबुजली, "आई, नेतायत ना? मग जाऊ दे की!"

सासूबाईंनी एका कोटाची कॉलर उलटी केली. आत दुकानाचं नाव शिवलेलं होतं, नवऱ्याने उभ्या जन्मात कमावलेलं. रविवारी हे नाव अकरा बुजगावण्यांच्या मानेवर मिरवणार आणि सारं गाव दात काढणार.

"गिऱ्हाईक फसलं म्हणजे कोट बसला असं होत नाही," त्या लेकीला म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "काढा ते कोट. उद्या संध्याकाळी मिळतील, हातांसकट."

"पण आई," जावईबापू कळवळले, "यामागे फार मोठा हात आहे!"

सासूबाईंनी जुनी टेप उचलून उजेडात धरली. दोन्ही टोकांना खिळ्याच्या गंजाची भोकं होती आणि मधोमध साबणाचे पांढरे डाग. बासरीवाला पहिला हसला.

"हा बघा तो हात," त्या म्हणाल्या. "माझा. वर्षभर ओल्या चादरी मी या टेपवर वाळत घालतेय. ताणली बिचारी."

जावईबापूंनी ती भोकं बोटाने चाचपली. मग त्यांचे डोळे पुन्हा लकाकले. "पण मग दोरी कुठे गेली? दोरी कुणी पळवली, आई?"

सासूबाईंनी कपाटावरच्या गाठोड्याकडे बोट केलं, आणि अकराजणांसमोर, एकेक शब्द सावकाश मोजत म्हणाल्या:

"तुम्ही, जावईबापू. माझ्या धुण्याच्या दोरीने तुम्ही रेडिओ बांधलात, म्हणून धुणं टेपवर आलं, म्हणून टेप लांबली, म्हणून तुम्हाला इंच आखूड दिसला. जगात एवढं मोठं कारस्थान करणारे तुम्ही एकटेच सापडलात, आणि तेही माझ्या घरात. मोठा कोट उसवून लहान करता येतो, म्हणून आज वाचलात. आता बसा, अकराही कोट उसवा. पण त्याआधी तो रेडिओ सोडा आणि माझी दोरी मला द्या."