केकवरचे एकोणीस एक

सम्यक कल्याणला एका क्लासमध्ये गणित शिकवायचा. साखरपुड्याच्या केकवर नावं घालायला त्यानं साफ नकार दिला. "नावं काय, सगळेच घालतात." त्याला हवे होते इंग्रजी आकड्यातले एकोणीस एक, शेजारी शेजारी. एकोणीस एकांनी बनलेली ती अगडबंब संख्या मूळ आहे. एक आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानंही भाग जात नाही. "आपलं नातंही तसंच, अविभाज्य," असं तो म्हणाला तेव्हा प्रीती चक्क लाजली होती.

केक प्रीतीच्या मायामावशीनं केला. ती माजिवड्याला घरीच केक करून विकायची. रिक्षात मांडीवर खोका सांभाळत ती नौपाड्यातल्या हॉलवर पोचली. सम्यकनं झाकण उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मावशी, हे अठराच आहेत."

"एका ओळीत मावेनात रे. मग दोन ओळी केल्या, नऊ-नऊ. एकोणिसावा एकटाच लोंबकळत होता, बरा दिसेना. काढून टाकला."

"अहो, पण सगळं गेलं ना! आता हिला तीननं भाग जातो, सातनं जातो, अकरानं, तेरानं, सदतीसनं... कुणीही यावं आणि भागून जावं!"

काय चाललंय हे सम्यकच्या वडिलांना, महेंद्ररावांना, कळेना. ते पाहुण्यांना म्हणाले, "काही नाही, केकमध्ये जरा घोळ आहे." मागच्या रांगेत पोचेपर्यंत केक नासल्याची बातमी झाली. दोन काकूंनी नातवंडांना जवळ ओढलं. प्रीतीची आजी शांताबाई मात्र पुढे येऊन वाकून बघत म्हणाली, "केकला कुंपण कशाला घातलंय?"

शेवटी प्रीतीच आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझी ती मूळ संख्या वाटायची झाली, तर एक तर एकट्यानं सगळी खायची, नाहीतर कुणाला कणसुद्धा मिळायचा नाही. बाहेर दीडशे माणसं बसलीत, सम्यक."

"प्रीती, तत्त्वाचा प्रश्न आहे गं."

"मग लिही ना तूच तो राहिलेला एक! पोरांना शिकवतोस की."

मावशीनं क्रीमची पिशवी आणली नव्हती. सम्यक तडक जेवणाच्या टेबलाकडे गेला आणि सॅलडमधली गाजराची एक लांबट फोड घेऊन आला. दुसऱ्या ओळीच्या टोकाला ती त्यानं हळूच रोवली. मावशीनं डोळे मिटून घेतले. सम्यकचा जीव भांड्यात पडला.

"चला, कापा," फोटोग्राफर म्हणाला.

सम्यक सुरी धरून नुसताच उभा. एवढ्या कष्टानं मूळ केलेली संख्या कुठून कापायची? प्रीतीनं त्याचा हात धरला आणि सुरी बरोब्बर मधोमध घातली.

टाळ्या झाल्या, पण केक घ्यायला कुणी पुढे येईना. तेव्हा मायामावशी भला मोठा तुकडा घेऊन त्या दोन काकूंसमोर जाऊन बसली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत तिनं तो शेवटच्या घासापर्यंत खाल्ला. पाच मिनिटं सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिला काही झालं नाही म्हटल्यावर झुंबड उडाली.

फोटो संपवून दोघं येईपर्यंत पुठ्ठाच उरला होता. कडेला थोडं क्रीम होतं. प्रीतीनं बोटानं त्यात रेघ मारली, म्हणाली, "इकडचं तुझं," आणि आपल्या बाजूचं चाटायला लागली.