गल्ल्यावरची पोर

बेकरीवाल्याची पोर काडीसारखी असली तर गिऱ्हाईक काय म्हणेल? हा प्रश्न बापाने स्वतःलाच विचारला होता आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकलं होतं. पोरगी बसायला लागली तशी त्याने तिला गल्ल्याशेजारी बसवली, हातात खारं बिस्किट दिलं. गुबगुबीत गाल, मनगटाला वळ्या. येणारा जाणारा गालगुच्चा घ्यायचा आणि बिस्किटांचा पुडा घेऊन जायचा. बापाची छाती अशी फुगायची की विचारू नका. दुकानाला वेगळी पाटी कशाला हवी, म्हणायचा. पोरीचं नाव पडलं ढब्बू.

ढब्बू बोलायला लागली आणि भट्टीवर तिचा हुकूम चालू झाला. नव्या घाण्यातलं पहिलं बिस्किट तिच्या हातात. ती चावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, मीठ अजून. बाप हसत हसत पुढच्या पिठात मूठ सैल सोडायचा. घरात तेच बिस्किट सकाळी चहाबरोबर, तेच शाळेच्या डब्यात, संध्याकाळी भूक लागली तर तेच. आई कधी कुरकुरली तर बाप म्हणायचा, वाढतं अंग आहे, उंची आली की आपोआप झडेल. उंची आली. झडलं मात्र काही नाही.

एकदा झाडावरून पडून ढब्बूचा हात मोडला. प्लास्टर घालताना नर्सने दुसऱ्या हाताला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला आणि म्हणाली, जास्त आहे, महिन्याभराने दाखवून जा. बापाला हसूच आलं. एवढ्याशा पोरीला कसलं आलंय ब्लडप्रेशर, मशीन बघून घाबरली असेल! महिना गेला, वर्षं गेली, दाखवायचं राहून गेलं. आणि हे दुखणं असं कपटी की कळ नाही, ताप नाही. आत मूत्रपिंडं झिजत होती आणि बाहेर पोरगी सगळ्यांना हसवत होती.

कॉलेज संपता संपता पाय सुजले, दम लागायला लागला, तेव्हा कुठे सगळं कळलं. वजन, मीठ आणि इतकी वर्षं चढलेला दाब, तिघांनी मिळून मूत्रपिंडं खाल्ली, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून डायलिसिस. मूत्रपिंड द्यायचं तर आईचा रक्तगट जुळला नाही. बापाचा जुळला, तसा हा गडी उभा राहिला. माझं एक काढा आणि तिला लावा, आजच लावा. तपासण्यांना तो असा गेला, जणू लग्नाला निघालाय. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला नीट झोप लागली होती.

आज निकाल होता. डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. त्याचाही दाब जुनाच होता, लघवीतून प्रथिनं जात होती. तुमचं मूत्रपिंड काढता येणार नाही, तुम्हालाच जपावं लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बाप खुर्चीत बसूनच राहिला. लहानपणी त्यालाही त्याच्या बापाने तिथेच बसवलं होतं, गल्ल्याशेजारी.

बाहेर बाकावर ढब्बू वाट बघत होती. तिच्याकडे बघायचा त्याला धीर होईना. फार लाज वाटली त्याला, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

"माझं चालणार नाही," तो म्हणाला. "माझंही बिघडलंय."

एरवी कशावरही कोटी करणारी पोर आज हळूच म्हणाली, "मग माझं काय, बाबा?"

त्याने घाईघाईने तिचा हात धरला. धीर सोडू नकोस, मी आजच काकाला विचारतो, तो नाही म्हणणार नाही. आत्या आहे, तिची पोरं आहेत, एवढं मोठं आपलं घर, कुणाचं ना कुणाचं जुळेलच. तो बोलतच राहिला.

ढब्बूने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "बाबा, ती सगळी आपल्याच बेकरीत वाढलीत."

तेवढ्यात नर्सने तिला डायलिसिससाठी आत बोलावलं. तिने आपला हात सोडवून घेतला आणि ती एकटीच आत गेली.