चौथ्या गाण्यातला दुसरा आवाज

निरुपमा घाटगे यांचं मत ऐकल्याशिवाय दत्तूभाईंच्या घरची रविवारची बैठक उठत नसे. दत्तूभाई म्हणजे दत्तात्रेय मोहिते. प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. दर रविवारी सकाळी दहाला ते सहा-सात जणांना घरी जमवत. एक आल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत लावायचा. मध्ये चहा नाही, बोलणं नाही. मग एकेकाने आपलं मत सांगायचं. निरुपमाबाई सगळ्यांत शेवटी बोलत, आणि त्यांच्यानंतर बोलायची कुणाला गरज वाटत नसे.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांची नोकरी झाली. लग्न केलं नाही. ऐकलं मात्र सगळं. नॉर्वेच्या एका सॅक्सोफोनवाल्यावर सगळे खूश झाले असताना त्या म्हणाल्या होत्या, "वाजवतो छान, पण समोर आरसा ठेवून वाजवतो." एकदा कुणीतरी नाशिकच्या मुलांचा मेटल आल्बम आणला. बाकीचे कपाळ धरून बसले, आणि बाईंनी तो दुसऱ्यांदा लावायला सांगितला. "ही मुलं चिडलेली नाहीत रे, घाबरलेली आहेत. म्हणून खरी वाटतात." मोठ्या नावाच्या एका गझलगायकाबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं की उसासे वगळले तर आल्बम अकरा मिनिटांचा आहे. ही मतं मग व्हॉट्सॲपवर फिरत, सुरतेपर्यंत जात. शिकणारी मुलं आपलं गाणं घेऊन त्यांच्या दांडिया बाजारातल्या घरी येत, कारण बाई तोंडदेखलं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

जानेवारीत उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीचे, पतंग उडून आठवडा झाला असेल. भाजी घेताना त्यांची जीभ जड झाली आणि हातातली पिशवी सुटली. भाजीवाल्या बेननेच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. चार दिवसांत त्या चालत घरी आल्या. बोलणं स्वच्छ होतं, हातपाय चालत होते. जो तो म्हणाला, थोडक्यात निभावलं.

घरी आल्यावर त्यांनी तीस वर्षं आवडीने ऐकलेला वीणेचा आल्बम लावला. पत्र्याच्या डब्यात कुणी खिळे हलवावेत तसं काहीतरी ऐकू आलं. त्यांना वाटलं, वायर गेली. वायर बदलली. दुसरा आल्बम लावला, तिसरा लावला. मग त्यांनी स्वतः गुणगुणून पाहिलं आणि घाबरून थांबल्या.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मेंदूच्या उजव्या बाजूला छोटी इजा झाली आहे, त्यात सूर ओळखणारा भाग सापडला. शब्द कळतील, ताल कळेल, सूर कळणार नाही. पुढे सुधारेलही, सांगता येत नाही. "बोलणं समजतंय ना तुम्हाला? मग देवाचे आभार माना."

निरुपमाबाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. आधी वाटलं, महिनाभर थांबू, सुधारेल. महिन्याने वाटलं, आता सांगितलं तर महिनाभर काय करत होतात असं विचारतील. रविवारी त्या जातच राहिल्या. नेटवर लोकांनी काय लिहिलंय ते आधी वाचून जात. ऐकताना दत्तूभाईंच्या मांडीवरच्या बोटांकडे बघत. ती थांबली की काहीतरी घडलं, हे धरून चालत. जुनी वाक्यं थोडी फिरवून वापरत. एकदा माधव नावाचा बैठकीतला एक तरुण म्हणाला, "हल्ली तुम्ही तबल्यावरच फार बोलता." पुढच्या रविवारी त्यांनी तबल्याचं नावच काढलं नाही. पण कुणाला संशय आला नाही. लोकांनी वाहवाच केली. बाई आता फार थोडक्यात बोलतात, म्हणाले.

ऑगस्टमध्ये अवंती आली. अवंती ही दत्तूभाईंची एकुलती एक मुलगी, शाळेत संगीत शिकवणारी. तिची आई कौमुदी ही निरुपमाबाईंची कॉलेजपासूनची मैत्रीण. कौमुदीला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती. फुफ्फुसं निकामी होत गेली आणि शेवटी शेवटी नाकाशी ऑक्सिजनची नळी लावूनही तिला एक वाक्य पुरं बोलता येत नसे.

"मावशी, माझा आल्बम," अवंतीने पेनड्राइव्ह पुढे केला. "सहा गाणी. गिटार आहे, सारंगी आहे, एका ठिकाणी कॉम्प्युटरवरचं पण आहे. बाबांना विचारून उपयोग नाही, ते सगळ्याला छान म्हणतात. तुम्ही एकदम साचुं सांगा, खरं तेच. वाईट असेल तर वाईट."

"सांगेन," निरुपमाबाई म्हणाल्या. त्याच वेळी सांगता आलं असतं. दारात मुलगी उभी होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. पण 'सांगेन' हा शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेला.

तीन दिवस त्यांनी तो आल्बम लावला. पहिल्या गाण्याचे शब्द चांगले होते. तिसऱ्यातला ठेका ओढल्यासारखा वाटला. चौथ्या गाण्यात अवंतीबरोबर आणखी एक बाई होती. तिला शब्द नव्हते, नुसता आ-कार होता. सूर तर बाईंना कळत नव्हताच. कळत होती ती धाप. दोन-तीन क्षण आवाज, मग ओढून घेतलेला श्वास, मध्ये एक कुरकुर. कुणी हौशी मैत्रीण घेतली असणार, असा त्यांनी तर्क केला. त्यांना हायसंच वाटलं. एवढ्या गोंगाटात बोट ठेवायला एक जागा सापडली होती.

अवंती आली तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मत देताना त्या नेहमी तसंच करत.

"पहिलं उत्तम आहे. शब्द नीट पोचतात. तिसऱ्याची लय थोडी सैल आहे. चौथ्यातला तो दुसरा आवाज मात्र काढून टाक."

अवंतीने मान वर केली.

"दमसास नाही त्या आवाजाला. दर दोन क्षणांनी श्वास तुटतो. तू मेहनतीने सगळं बांधलंस, आणि तिथे एकदम घरगुती होऊन जातं. ज्याला पेलत नाही त्याने गाऊ नये. कोण आहे ती?"

अवंतीचा चेहरा उतरत गेला. तिने पेनड्राइव्ह उचलला, पर्समध्ये टाकला, पर्सची चेन लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. "कुणी नाही, मावशी," ती म्हणाली. "बरं. काढते."

दुसऱ्या दिवशी दुपारी दत्तूभाई आले. जिना चढून आल्यामुळे दम लागला होता, तरी बसले नाहीत.

"निरुताई, मी भांडायला आलेलो नाही. पोरगी कालपासून जेवली नाही, म्हणून आलो. तुम्ही ओळखलं असणारच. कॉलेजपासूनचा आवाज आहे. तुम्ही नाही ओळखणार तर कोण?"

निरुपमाबाईंना कळेना, कशाबद्दल बोलत आहेत.

"शेवटच्या महिन्यात अवंती आईच्या उशाशी बसून गुणगुणायची. एक दिवस कौमुदीने आपणहून साथ दिली. नळी काढायला लावली नाकातली. मोबाइलवर घेतलं तेवढं, चार मिनिटं. अवंतीने तुम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, मावशी ओळखेल, रडेल."

निरुपमाबाई खुर्चीवर बसल्या.

"पण तुम्ही ओळखूनही जे वाटलं तेच सांगितलंत," दत्तूभाई म्हणाले. "मी रात्रभर विचार केला. तुम्ही खोटं बोलत नाही, मैत्रीण गेली म्हणून मताला मुरड घालत नाही. कौमुदी असती तर तीही म्हणाली असती, निरू बरोबर बोलते. रेडिओवर गाण्यासाठीच्या परीक्षेआधी तुम्हाला विचारायला आली होती ना ती? तुम्ही म्हणालात, तुझा आवाज घरात छान वाटतो. ती गेलीच नाही परीक्षेला. पण तुमच्यावर कधी रागावली नाही. म्हणायची, निरूने मला वेळीच सांगितलं."

ती परीक्षा निरुपमाबाई विसरून गेल्या होत्या. ते वाक्य आपण म्हटलं होतं हे त्यांना आता, चाळीस वर्षांनी, दुसऱ्याच्या तोंडून कळत होतं. तेव्हा त्यांचे कान शाबूत होते. ते मत खरं होतं की नाही, हे आता तपासायलाही त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

"दत्तूभाई," त्या म्हणाल्या. आपल्याला सूर ऐकू येत नाही एवढं एक वाक्य सांगायचं होतं. त्याऐवजी दत्तूभाईंनी त्यांना निष्ठुर पण सच्ची बाई ठरवलं होतं, आणि त्यांनी ते ठरवू दिलं. "पाणी देऊ?" असं त्यांनी विचारलं. दत्तूभाई पाणी न पिता गेले.

नवरात्रीच्या आधी आल्बम आला. चौथ्या गाण्यात आता त्या आवाजाच्या जागी सारंगी होती. लोकांनी कौतुक केलं, पेपरात दोन ओळी आल्या. बैठकीला निरुपमाबाई जात राहिल्या, दत्तूभाई चहा देत राहिले. बाईंकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, आणि त्याचाच त्यांना सगळ्यांत जास्त त्रास झाला.

दसऱ्यानंतर त्यांना अवंती रावपुऱ्यात भेटली. औषधांच्या दुकानासमोर उभी होती. इकडचंतिकडचं बोलून झालं आणि निरुपमाबाईंनी विचारलं, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत. रोज सकाळी दाढी करताना आईचं ते रेकॉर्डिंग लावायचे. पावणेदोन वर्षं एक दिवस चुकला नाही. आता लावत नाहीत." ती सरळ बघत बोलली, आवाजात राग नव्हता. "म्हणतात, लावलं की फक्त धाप ऐकू येते. आधी कधी ऐकू आली नव्हती."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. निरुपमाबाईंनी अवंतीचा हात धरून तिला दुकानाच्या पायरीवर ओढलं आणि तिथेच, औषधं घ्यायला आलेल्या लोकांच्या मध्ये, सांगून टाकलं. भाजीबाजारात काय झालं ते, डॉक्टर काय म्हणाले ते, आणि जानेवारीपासून आपण एक सूर ऐकलेला नाही ते. अवंतीला आधी समजलं नाही. मग समजलं.

"म्हणजे तुम्ही आईला ओळखलंच नव्हतं."

"नाही गं."

"आणि पहिलं गाणं उत्तम म्हणालात?"

"शब्द वाचल्यासारखे ऐकले मी. गाणं नाही ऐकलं."

अवंतीने हात सोडवून घेतला. "मला तुमच्यासाठी वाईट वाटायला पाहिजे, मावशी. वाटेल बहुतेक नंतर. पण मला इतकं माहीत असतं की तुम्हाला ऐकू येत नाही, तर मी तो आवाज हजार लोक नको म्हणाले असते तरी काढला नसता. तुमच्या एकटीमुळे काढला." ती पायरी उतरली, मग वळली. "हे बाबांना सांगा. मी नाही सांगणार. तुम्हीच सांगा."

त्या लगेच रिक्षा करून प्रतापनगरला दत्तूभाईंच्या घरी गेल्या. दत्तूभाई अंगणातल्या नळावर पाण्याची बाटली भरत होते. त्यांना हातातली बाटली खाली ठेवू न देता निरुपमाबाईंनी सगळं सांगितलं. दत्तूभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं, नळ बंद केला.

"या आत," म्हणाले.

आत त्यांनी मोबाइल काढला, टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. चार मिनिटं दोघं समोरासमोर बसून राहिले. निरुपमाबाईंनी डोळे मिटले, कॉलेजच्या जिन्यावर गाणारी कौमुदी आठवून पाहिली, तिचं तोंड आठवलं, वेणी आठवली. कानात फक्त कुरकुर आणि ओढलेला श्वास, परत कुरकुर.

"आलं काही ऐकू?" दत्तूभाईंनी विचारलं.

"श्वास."

"मलाही तेवढंच येतं," ते म्हणाले.

"पण ते खरं नाही, दत्तूभाई. मला सूर कळत नाही म्हणून मी श्वासावर बोट ठेवलं. तुम्हाला कळतो. तुम्ही माझं मत सोडून द्या."

"देईन म्हटलं तरी जात नाही ना, ताई. एकदा कुणी दाखवलं की तेच दिसत राहतं." त्यांनी मोबाइल हातात घेतला. "तुम्ही मुद्दाम बोललात असं समजत होतो तेव्हा निदान वाटायचं, कुणीतरी तिला पुरतं ऐकून मग बोललंय."

निरुपमाबाईंनी हात जोडले. दत्तूभाईंनी ते बघितले नाहीत, मोबाइलचा पडदा काळा होईपर्यंत त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "रविवारी येऊ नका आता. मीच बंद करणार आहे."

त्यांनी खरंच बंद केलं. माधवने आपल्या घरी बैठक सुरू केली, पण दोन रविवारांनंतर तीही मोडली. निरुपमाबाईंनी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर चार ओळींत सगळं लिहिलं आणि जानेवारीनंतरची आपली सगळी मतं रद्द समजावीत असं कळवलं. उत्तरादाखल हात जोडलेली पुष्कळ चित्रं आली, लवकर बऱ्या व्हा असे निरोप आले. एका शिकणाऱ्या मुलीने विचारलं, "बेन, मार्चमध्ये तुम्ही माझ्या ठुमऱ्यांना कच्च्या म्हणाला होतात. मी क्लास सोडला. ते पण रद्द का?"

निरुपमाबाईंनी तिला लगेच फोन लावला. तीनदा लावला. तिने उचलला नाही.