गरम खुर्च्या

शाळा समितीवर निवडून आलेली पहिली बाई म्हणजे बेकरीवाली काकू. निवडणुकीत नाकं मुरडणारे चौघे सभासद आता बैठकीत जिभेवर साखर ठेवून बोलत, आणि तिथेच काकूंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

काकू शाळेच्या फाटकाशी पोचल्या की हे चौघेही नेमके तेव्हाच कोट झटकत आत शिरत. "या, आम्हीपण आत्ताच येतोय," अध्यक्ष डॉक्टर म्हणत. मग एकाने विषय काढायचा, बाकीच्यांनी माना डोलवायच्या, की काकूंनी तोंड उघडायच्या आत ठराव पास! मुलींच्या संडासाला दार बसवायचा विषय तर दर वेळी "पुढे बघू"वर जायचा.

"वहिनी, तुम्हाला सगळ्यांतच काळंबेरं दिसतं," नणंद म्हणाली होती.

आज थंडी मी म्हणत होती. आत जाताना काकूंनी सहज अध्यक्षांच्या खुर्चीवर हात टेकला. गादी नुकत्याच भट्टीतून काढलेल्या पावासारखी गरम! शेजारची? तीही. चारही गरम. गार होती ती एकट्या काकूंची. म्हणजे बैठक आधीच उरकायची, आणि काकू लांबून दिसल्या की बाहेर पडून पुन्हा आत यायचं.

काकूंच्या मस्तकात तिडीक गेली. त्या अध्यक्षांच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या.

"अहो बाई, ती माझी..."

"असू दे. छान तापवून ठेवलीत. तुम्ही माझ्या गार खुर्चीत बसा, डॉक्टर, आणि मघाशी काय काय ठरलं ते सांगा. संडासाच्या दारापासून सुरुवात करा."